उन्हाळ्याच्या सुट्टीतील शाळा : पांढुर्णा-सौंसर परिसरातील कलाशिबिरे, त्यांचा दिनक्रम आणि त्यांची परंपरा



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालविली जाते, त्यांच्या नावाने चार शब्द बोलण्याची संधी आपण मला दिली, याबद्दल मी संस्थेचा ऋणी आहे. आयुष्याची पस्तीस वर्षे महाविद्यालयात मराठी शिकविण्यात गेली. तिथे व्याख्याने पुष्कळ दिली. परंतु ज्या अंगणात आपण स्वतः धुळीत बसलो, त्या अंगणात उभे राहून बोलताना विद्वत्तेची पगडी डोक्यावर टिकत नाही, याचा अनुभव मी या क्षणी घेत आहे.

आजच्या विषयाची निवड ऐकून कदाचित काहींना आश्चर्य वाटले असेल. स्मृतिव्याख्यानाला संतवाङ्मय किंवा स्वातंत्र्यलढा असे भारदस्त विषय शोभतात. उन्हाळ्यातील मुलांची शिबिरे, तिथली नाटके, गाणी आणि मुखवटे यांत इतिहास तो कोणता? माझे नम्र म्हणणे असे आहे की, एखाद्या समाजाने आपल्या मुलांना मोकळ्या वेळात काय दिले, यावरून त्या समाजाची जेवढी पारख होते तेवढी त्याच्या दरबारी कागदपत्रांवरून होत नाही. आणि आपल्यासारख्या सीमेवरच्या मुलखात तर हा मोकळा वेळ केवळ करमणुकीचा नव्हता. मातृभाषेला उरलेली ती एक जागा होती.

१. भूमी आणि भाषा

पांढुर्णा आणि सौंसर हे दोन तालुके पूर्वी मध्यप्रांत-वऱ्हाडात होते. राजधानी नागपूर होती. बाजार, कोर्ट, कॉलेज, दवाखाना, सोयरीक या साऱ्यांची वाट नागपूरकडेच जात असे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली. विदर्भाचे जिल्हे द्वैभाषिक मुंबई राज्यात गेले. छिंदवाडा, बैतूल, बालाघाट हे जिल्हे मध्य प्रदेशात राहिले आणि आपली राजधानी भोपाळ झाली. पुढे १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य निर्माण झाले, तेव्हा आपण त्याच्या वेशीबाहेर उभे होतो. त्या वेळी मी नऊ वर्षांचा होतो. आमच्या घरात फरक एवढाच जाणवला की, बाबांच्या हाती येणारे सरकारी कागद यापुढे हिंदीतून येऊ लागले. शेत तेच, संत्र्याची झाडे तीच, जाम नदी तीच. माय जात्यावर बसली की ओवीही तीच म्हणत असे.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. हिंदीविषयी माझी कोणतीही तक्रार नाही. दोन भाषा बोलणारे मूल हे एका भाषेच्या मुलापेक्षा श्रीमंतच असते. प्रश्न निराळा होता. शाळेची भाषा, कचेरीची भाषा आणि नोकरीची भाषा हिंदी झाल्यावर मराठी घराच्या उंबरठ्याआत राहिली. जी भाषा केवळ स्वयंपाकघरात बोलली जाते तिला मुले हळूहळू लाजू लागतात. या लाजेवर उपाय म्हणून कोणी मोर्चे काढले नाहीत. आमच्या गुरुजींसारख्या काही शिक्षकांनी केले ते एवढेच, की मे महिन्याच्या रणरणत्या उन्हात मुलांना गोळा केले आणि त्यांच्याकडून गाऊन घेतले, नाचवून घेतले, नाटक बसवून घेतले.

२. 'शिबिर' ही कल्पना आली कोठून?

शिबिर हा शब्द मूळचा सैन्याचा. राजा मोहिमेवर निघाला म्हणजे जिथे तळ पडे ते शिबिर. मुलांसाठी हा शब्द वापरात येण्यामागे तीन-चार प्रवाह आहेत, असे मला दिसते.

पहिला प्रवाह बालवीर चळवळीचा. १९०७ सालच्या ऑगस्टमध्ये बेडन-पॉवेल यांनी इंग्लंडमधील ब्राउनसी बेटावर सुमारे वीस मुलांचा तळ ठोकला. त्यात प्रतिष्ठित शाळांतील मुले होती, तशीच कामकऱ्यांची मुलेही होती. लहान लहान तुकड्या, पहाटेचे उठणे, दिवसभराची कामे आणि रात्री शेकोटीभोवती गोष्टी व गाणी, असा तो क्रम होता. आज आपल्या कोणत्याही शिबिराच्या वेळापत्रकात शेवटी 'मनोरंजनाचा कार्यक्रम' असतो, त्याचे मूळ या शेकोटीत आहे. ही चळवळ आपल्याला परकी राहिली नाही. १९५० साली भारत स्काउट्स आणि गाइड्स ही संघटना स्थापन झाली आणि तिचे राष्ट्रीय प्रशिक्षण केंद्र आपल्या पचमढीला झाले. पचमढीचे नशीब मोठे गमतीचे आहे. इंग्रज अमदानीत नागपूरचे सरकार उन्हाळ्यात आपली दप्तरे घेऊन तिथे थंड हवेला जाई; आणि आपल्या गावांतील साधी माणसे महाशिवरात्रीला खांद्यावर त्रिशूळ घेऊन, महादेवाची गाणी म्हणत, त्याच डोंगरावर चालत जात. सरकार गेले; गाणी अजून आहेत.

दुसरा प्रवाह राष्ट्र सेवा दलाचा. १९४१ साली पुण्यात या दलाची स्थापना झाली. शाखा, श्रमदान आणि अभ्यासवर्ग यांच्या जोडीला दलाने कलापथक उभारले. राष्ट्रीय विचार गाण्यांतून आणि लोकनाट्यांतून खेड्यापाड्यांत नेता येतो, हे या पथकाने दाखवून दिले. वसंत बापट, लीलाधर हेगडे यांच्यासारखे कवी-गायक त्यात रमले. निळू फुले, राम नगरकर यांच्यासारखे कलावंत त्यातून घडले. पु. ल. देशपांडे यांचे 'पुढारी पाहिजे' हे लोकनाट्यही सेवा दलाच्या कलापथकासाठीच लिहिले गेले.

तिसरा प्रवाह मात्र आपल्या मातीतला, आणि आपल्या भागावर सर्वांत खोल ठसा उमटविणारा. तो राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचा. ३० एप्रिल १९०९ रोजी अमरावती जिल्ह्यातील यावली येथे त्यांचा जन्म झाला. १९३५ साली मोझरीला गुरुकुंज आश्रम उभा राहिला. १९५५ साली 'ग्रामगीता' प्रसिद्ध झाली. महाराजांचे वैशिष्ट्य असे की त्यांनी मराठीत आणि हिंदीत सारख्याच सहजतेने भजने रचली, आणि ती खंजिरीच्या ठेक्यावर अशी म्हटली की निरक्षर शेतकऱ्यालाही ती एकदा ऐकून पाठ व्हावीत. सातपुड्याच्या दोन्ही अंगांना राहणाऱ्या आपल्यासारख्या द्विभाषिक लोकांना असा कवी लाभणे हे भाग्यच म्हटले पाहिजे. महाराजांची जयंती ग्रामजयंती म्हणून साजरी होते आणि ती नेमकी उन्हाळ्याच्या सुट्टीच्या तोंडाशी येते. श्रीगुरुदेव सेवा मंडळाची सुसंस्कार शिबिरे विदर्भात याच ऋतूत भरतात. पहाटेचे सामुदायिक ध्यान, रामधून, ग्रामसफाई, व्यायाम, बौद्धिक, खंजिरी-हार्मोनियमचा वर्ग आणि सायंकाळची सामुदायिक प्रार्थना हा त्यांचा क्रम वऱ्हाड-नागपूरच्या कित्येक पिढ्यांच्या अंगवळणी पडलेला आहे.

चौथा प्रवाह बालरंगभूमीचा, परंतु त्याकडे मी थोड्या वेळाने येतो.

३. दिनक्रम

आमच्या शाळेतील पहिले शिबिर मी पाहिले ते १९६३ च्या मे महिन्यात. मी त्या वेळी बारा वर्षांचा होतो. त्या दिवसांचे वेळापत्रक कोणत्याही दप्तरात नसले तरी माझ्या अंगात आहे, म्हणून ते जसे आठवते तसे सांगतो.

पहाटे पाच वाजता शाळेच्या लोखंडी तुकड्यावर टोले पडत. आम्ही अंगणात सतरंज्यांवर झोपलेले असू. उन्हाळ्यात या भागात पहाटेचा तेवढाच गारवा असतो. त्यामुळे उठणे जिवावर येई. विहिरीवर आंघोळ, मग प्रार्थना, मग प्रभातफेरी. फेरीत पुढे खंजिरी वाजविणारा मुलगा. त्या जागेसाठी आमच्यात भांडणे होत. खंजिरी दिसायला सोपी. परंतु डाव्या हाताने तिला नुसते धरायचे नसते, कातड्यावर बोटांचा दाब कमी-अधिक करून तिच्याकडून घुमारा काढायचा असतो. ही गोष्ट कळायला मला तीन उन्हाळे लागले.

फेरीहून परतल्यावर एक तास सफाई. गुरुजी स्वतः झाडू घेत, म्हणून कोणाची नाही म्हणण्याची छाती होत नसे. न्याहारीला गूळ-फुटाणे किंवा मुरमुरे. आठ ते साडेदहा हा गाण्याचा आणि नाचाचा वर्ग. साडेदहानंतर ऊन असे काही चढे की अंगणात पाय ठेवणे अशक्य होई. जेवण घरोघरच्या शिध्यातून शिजत असे : ज्वारीची भाकर, बेसन, कैरीची चटणी, एखाद्या दिवशी वरण-भात. ज्यांच्या घरी आंब्याचे झाड असे ते टोपली पाठवीत, त्या दिवशी रस. पळसाच्या पानांच्या पत्रावळी मुलांनीच लावायच्या, असा नियम होता. कोणाच्या घरून किती शिधा आला हे गुरुजींनी कधी कोणाला कळू दिले नाही. सारे एकाच कोठीत पडे. जातीपातीची पंगत तेव्हा गावात संपलेली नव्हती. शाळेच्या पडवीत ती आठ-दहा दिवस तरी संपत असे. घरी गेल्यावर काही मुलांना आंघोळ करूनच आत घेत, हेही सांगितले पाहिजे. इतिहास सांगायचा म्हटल्यावर केवळ गोड तेवढे सांगून भागत नाही.

दुपारी एक ते चार हा माझ्या दृष्टीने शिबिराचा गाभा. बाहेर लू चालत असे. दारांना ओली पोती लावून आतल्या मोठ्या वर्गात हातकामाचे वर्ग होत. रद्दी कागद आदल्या दिवशी भिजत घालायचा, कुटून लगदा करायचा, त्यात मेथीचे पीठ मिसळायचे आणि मडक्याच्या बुडावर थर देऊन मुखवटा घडवायचा. ही कृती आम्हांला कोणा कलाशिक्षकाने शिकविली नाही. कागदाच्या लगद्याच्या टोपल्या करणाऱ्या दोन वृद्ध आज्या गुरुजींनी बोलावून आणल्या होत्या. त्या म्हणाल्या, 'आमाले काय शिकवता येते?' आणि तीन दिवसांत चाळीस मुलांचे हात लगद्याने भरले. पुढे आयुष्यात मी कलाशिक्षणावरचे ग्रंथ वाचले; परंतु शिक्षक कोणाला म्हणावे, या प्रश्नाचे उत्तर मला त्या दुपारी मिळाले होते.

उन्हे कलल्यावर खेळ, नंतर सायंप्रार्थना आणि रात्री कंदिलाच्या उजेडात गोष्टी. साने गुरुजींच्या निधनानंतर त्यांच्या नावाने सुरू झालेल्या कथामालेची प्रेरणा त्यामागे होती. पण गोष्टी सांगणारे लोक गावातलेच असत. कोणी दंडारीत सोंग काढणारा, कोणी खडी गंमत करणारा शाहीर, कोणी भारूड म्हणणारा. नाच्या आणि सोंगाड्या यांना शाळेच्या आवारात बोलावणे काही पालकांना आवडत नसे. एकदा तर मुलांना घरी नेण्याची भाषा झाली. गुरुजींनी त्यांना रात्री कार्यक्रमाला यायला सांगितले. ते आले, शेवटपर्यंत बसले आणि पुन्हा तो विषय निघाला नाही.

मुलींच्या बाबतीत मात्र गुरुजींचेही पुरेसे चालले नाही. मुली सकाळी येत, संध्याकाळी घरी जात; रात्रीच्या कार्यक्रमात आणि शेवटच्या नाटकात त्यांना जागा नव्हती. भादव्यात भुलाबाईची गाणी ज्यांच्या तोंडी शेकड्यांनी असत त्या मुलींची भूमिका मिशा न फुटलेली मुले लुगडे नेसून करीत. मी स्वतः एकदा सासू झालो होतो. माझ्या मोठ्या बहिणीने मला ते लुगडे नेसविले आणि संवादही तिनेच शिकविले. प्रयोग पाहायला तिला येता आले नाही. रात्री घरी आल्यावर तिने पहिला प्रश्न विचारला, 'लोक कोठे हसले?' आज ती हयात नाही. या परंपरेच्या जमाखर्चात तिचे ते नाटक खर्चाच्या बाजूला लिहिले पाहिजे.

४. बालरंगभूमीचा प्रवाह

याच सुमारास मराठी मुलुखाच्या दुसऱ्या टोकाला एक मोठी गोष्ट घडत होती. १९५९ साली सुधा करमरकर यांनी मुंबईत 'लिटिल थिएटर' ही बालरंगभूमी सुरू केली आणि रत्नाकर मतकरी यांचे 'मधुमंजिरी' हे नाटक रंगमंचावर आणले. त्यापूर्वी मुलांचे नाटक म्हणजे शाळेच्या स्नेहसंमेलनातील हौसेचा भाग. आता मुलांसाठी पूर्ण वाढीचे, नेपथ्य-प्रकाशासह नाटक ही कल्पना रुजली. मतकरींनी पुढे स्वतःची 'बालनाट्य' ही संस्था काढली. पुण्यात १९८६ पासून डॉ. मोहन आगाशे यांच्या पुढाकाराने बर्लिनच्या ग्रिप्स रंगभूमीची धाटणी मराठीत आली. पऱ्या-राक्षस बाजूला ठेवून मुलांच्या खऱ्याखुऱ्या अडचणी त्या नाटकांनी मांडल्या. १९८९ साली दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयाने मुलांसाठी स्वतंत्र पथक काढले. 'संस्कार रंग टोली' या नावाने ते ओळखले जाते आणि उन्हाळ्यात मुलांच्या नाट्यकार्यशाळा घेते. आपल्या राज्यात १९८२ साली भोपाळला भारत भवन उभे राहिले आणि त्याच्या रंगमंडळाची धुरा ब. व. कारंत यांनी वाहिली.

या साऱ्यांचा परिणाम छोट्या गावांवर झाला तो असा, की 'शिबिर' या शब्दाच्या जोडीला 'कार्यशाळा' हा शब्द आला. खंजिरी मागे पडून रंगमंचावरच्या हालचाली, आवाजाचे व्यायाम आणि संहिता-वाचन पुढे आले. यात लाभ पुष्कळ झाला. मुली रंगमंचावर आल्या, हा सर्वांत मोठा लाभ. परंतु कार्यशाळेबरोबर बाहेरून आलेला 'तज्ज्ञ' हा नवा प्राणीही आला. आणि येथे मला माझी स्वतःची एक गोष्ट सांगितली पाहिजे. आजचा विषय मी निवडला तो खरे तर तिच्याचसाठी.

५. एक चूक

१९८४ च्या मे महिन्यात गुरुजींनी मला नाटक बसवायला बोलाविले. मी तेव्हा तेहतीस वर्षांचा होतो, पीएच.डी. नुकतीच पदरात पडली होती आणि तिचा वारा डोक्यात होता. छोट्या गाडीने मी आलो. सौंसरची ती नॅरोगेज लाईन २०१५ साली बंद झाली, आता त्या वाटेने मोठी गाडी धावते. पिशवीत मी स्वतः लिहिलेले नाटुकले होते. त्यात एक शेतकरी होता. ती भूमिका मी नदीपलीकडच्या एका खेड्यातून आलेल्या अकरा-बारा वर्षांच्या मुलाला दिली. आवाज खणखणीत, डोळ्यांत धिटाई. संवाद होता, 'मला काही समजत नाही.' तो म्हणाला, 'मले काई समजून नाही राहिलं.'

मी त्याला थांबविले. शुद्ध म्हणायला सांगितले. त्याने पुन्हा तसेच म्हटले. चाळीस मुलांसमोर मी त्याच्याकडून ते वाक्य सात-आठ वेळा म्हणवून घेतले. दर खेपेला मुले अधिक हसत गेली. खरे सांगायचे तर मीही हसलो. शेवटी त्याने वाक्य बरोबर म्हटले. मात्र त्याचा आवाज इतका बारीक झाला होता की तो मागच्या भिंतीपर्यंतही गेला नसता. दुसऱ्या दिवशी तो तालमीला आला नाही. घरीही गेला नाही. गुरुजींनी त्याला रांजणात पाणी भरायचे काम दिले होते, ते तो दिवसभर करीत राहिला.

त्या रात्री कंदिलाभोवती गुरुजींनी मुलांना विचारले, 'तुमच्या गावी पोळ्याले कोणत्या झडत्या म्हणतात?' तोरणाखाली बैल उभे असताना शेतकरी मोठ्याने ज्या यमकांच्या आरोळ्या देतात त्या या झडत्या. त्यांत देवाला हाक असते, सावकाराला चिमटा असतो, पाटलाची थट्टा असते. एक-दोन मुलांनी एखादी म्हटली. मग तो मुलगा उभा राहिला आणि एकामागून एक म्हणत गेला. किती म्हटल्या ते मी मोजले नाही. आदल्या दिवशी हसलेली मुले प्रत्येक झडतीला साद घालीत होती. मी नागपूरला लोकसाहित्याचा पेपर शिकवीत असे. त्यांतल्या बहुतेक झडत्या मला ठाऊक नव्हत्या.

सकाळी गुरुजी विहिरीवर भेटले. ते फार बोलत नसत. म्हणाले, 'सर, तुमच्या नाटकातला शेतकरी कोण्या गावचा हाय?' मी म्हणालो, 'कोणत्याही गावचा.' ते म्हणाले, 'मंग तो पुण्याचाच काहून?'

मी त्या मुलाकडे गेलो आणि संवाद तुझ्या पद्धतीने म्हण, असे सांगितले. तो नाही म्हणाला. मी पुन्हा विचारले. तो नाहीच म्हणाला. शेवटच्या दिवशी भूमिका दुसऱ्या मुलाने केली, आणि ती चांगली झाली. पडदा ओढायचे काम या मुलाने केले. पुढल्या वर्षी शिबिराच्या यादीत त्याचे नाव नव्हते. मी त्याची क्षमा मागितली नाही. तेहतिसाव्या वर्षी प्राध्यापकाने अकरा वर्षांच्या पोराची क्षमा मागायची असते, हे मला ठाऊक नव्हते.

६. बोलीचे मोल

या प्रसंगानंतर मी वऱ्हाडी-नागपुरीकडे अभ्यासक म्हणून पाहू लागलो. ग्रिअर्सन यांनी भारताच्या भाषासर्वेक्षणाचा मराठीला वाहिलेला सातवा खंड १९०५ साली प्रसिद्ध केला. त्यात या बोलींची स्वतंत्र दखल आहे. 'मला'ऐवजी 'मले', 'डोळा'ऐवजी 'डोया', 'करतो आहे'ऐवजी 'करून राहिलो' या रूपांना आपण अशुद्ध म्हणतो. वास्तविक ती आपल्या नियमांनी चालणारी रूपे आहेत. चूक करणारा माणूस एकदा एक बोलतो, दुसऱ्यांदा दुसरे. आमचा तो मुलगा सातही वेळा एकच बोलला होता.

आणि आपल्या बोलीचा वारसा तरी केवढा! पांढुर्ण्याच्या पलीकडे वरूड-मोर्शीचा मुलूख लागतो. त्याच मोर्शी तालुक्यात रिद्धपूर आहे. तेराव्या शतकात म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या आठवणी माणसामाणसांकडे जाऊन गोळा केल्या आणि 'लीळाचरित्र' सिद्ध केले, ते याच भूमीत. नागदेवाचार्यांनी आपल्या विद्वान शिष्याला संस्कृतात ग्रंथरचना करण्यापासून परावृत्त केले, कारण त्यामुळे पंथातील साध्या म्हाताऱ्या बायका ज्ञानाला मुकल्या असत्या. मराठी गद्याची पहिली मोठी उभारणी अशा रीतीने बोलणाऱ्यांची बाजू घेऊन झाली. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, तेव्हा आपण सर्वांनी आनंद साजरा केला. त्या आनंदात 'मले' म्हणणाऱ्याचाही वाटा आहे, हे विसरू नये.

माझ्या चुकीत मी एकटा नव्हतो, ही समजूत मला पुढे हबीब तन्वीर यांच्या चरित्रातून मिळाली. रायपूरचे हे थोर नाटककार नागपूरच्या मॉरिस कॉलेजचे विद्यार्थी. लंडनला नाट्यशिक्षण घेऊन ते परतले आणि छत्तीसगढच्या नाचा कलावंतांना घेऊन नाटके करू लागले. प्रारंभी त्या कलावंतांकडून ते हिंदी वदवून घेत, आणि गावात रात्ररात्र प्रेक्षकांना खिळवून ठेवणारे ते नट रंगमंचावर अवघडून जात. १९७३ साली रायपूरला नाचा कलावंतांची कार्यशाळा झाली. तन्वीर यांनी त्यांना त्यांच्या छत्तीसगढीत मोकळे सोडले; आणि दोनच वर्षांनी 'चरणदास चोर' उभे राहिले. आपली चूक त्यांनी पुढे मोकळेपणाने सांगितली. मी ती चूक १९८४ साली केली. त्या आधी अकरा वर्षे तिचे उत्तर रायपूरला मिळाले होते आणि विहिरीवर उभ्या असलेल्या आमच्या गुरुजींना ते रायपूरला न जाताच ठाऊक होते.

७. समारोप

२०२३ साली पांढुर्णा आणि सौंसर हे दोन तालुके मिळून पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला. आता जिल्ह्याची कचेरी आपल्या दारात आली आहे. बाहेरच्या जगाला आपला जिल्हा ठाऊक आहे तो बहुधा गोटमारीसाठी. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पळसाचे झाड रोवतात आणि पांढुर्णा व सावरगाव यांच्यामध्ये दगडांचा मारा होतो. माणसे जायबंदी होतात, जीवही गेले आहेत. वर्तमानपत्रांत आपले नाव त्या एका दिवशी येते. त्याच दिवशी नागपूरकडे लहान मुले लाकडी बैल सजवून तान्हा पोळा साजरा करतात. मी कोणाच्या श्रद्धेला उणे बोलणार नाही. परंतु ज्या पोळ्याने आपल्याला दगड दिले त्याच पोळ्याने झडत्याही दिल्या आहेत, आणि मुलांच्या हाती यांतले काय द्यायचे हे ठरविणे आपल्या हातात आहे.

शिबिरे आजही होतात. लोखंडी तुकड्याच्या जागी विजेची घंटा आली आहे, शिध्याच्या जागी शुल्क आले आहे, आणि मुलांच्या खिशात मोबाईल आहे. त्याबद्दल कुरकुर करणे माझ्या वयाला शोभते, पण उपयोगाचे नाही. दिनक्रम बदलणारच. माझी विनंती दोनच गोष्टींची आहे. उन्हाळी शिबिरात गावातील एक तरी वृद्ध कलावंत, मग तो खंजिरीवाला असो, दंडारीतला असो वा टोपल्या करणारी आजी असो, शिक्षक म्हणून बसवावा, आणि त्याला मानाचे मानधन द्यावे. आणि मुलांनी बसविलेल्या एका तरी नाटकात पात्रांनी आपल्या घरची भाषा बोलावी. ती मराठी असो, हिंदी असो वा गोंडी असो. गोंड समाजाची मुले आपल्या शेजारी बसतात आणि त्यांची भाषा आपण शाळेच्या अंगणात कधी ऐकलीच नाही. ज्या तक्रारीसाठी मी एवढा वेळ बोललो, तीच तक्रार त्यांची आपल्याविरुद्ध आहे.

तो मुलगा आज पन्नाशी ओलांडलेला गृहस्थ असेल. कदाचित या सभागृहात त्याचा मुलगा किंवा नात बसलेली असेल. तो स्वतः येथे असेल तर मी त्याला ओळखणार नाही, पण तो मला निश्चित ओळखील. गुरुजींच्या स्मृतीस वंदन करून, त्यांच्याच अंगणात, एकेचाळीस वर्षांच्या उशिराने मी त्याची क्षमा मागतो.